फाळक्यावरचा मोर

दार सताड उघडं होतं, तरी त्यावर थाप पडली.

बेबीबाई गॅसवर काळा चहा ठेवून खाली बसली होती. मांडीवर सूप, सुपात जेवणापुरते तांदूळ. थाप ऐकून तिचा हात थांबला. त्या गावात ओळखीचा माणूस थाप मारत नाही; अंगणात पाय पडायच्या आधी त्याची हाक घरात येते. थाप मारतो तो कामाचा माणूस, आणि काम त्याचं असतं, आपलं नसतं.

“कोन हाय गा?”

“मी इश्वर जी, काकू.”

इश्वर गावचा कोतवाल. एरवी हाच इश्वर चपला अंगणात भिरकावून थेट ओट्यापर्यंत यायचा आणि स्वतःच कप विसळून पुढे करायचा. आज तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि दाराच्या कडीकडे बघून बोलत होता.

“ये ना आत. चहा झालाच हाय.”

“नाई जी. आज कामानं आलो. तंटामुक्तीची बैठक हाय, ग्रामपंचायतीत. ताराचंदभाऊनं तुमाले बोलावलं. भुपेंद्रभाऊनं अर्ज देला तुमच्यावर.”

“माह्यावर? मी काय केलं त्याचं?”

“बदनामी म्हन्ते तो. तुमी त्याच्या गाडीचं नाव घेऊन राहिल्या ना गावभर.”

“घेऊन राहिली नाई रे बाप्पा. घेतलं. एकदाच घेतलं, गावानं ते वाटून खाल्लं.”

इश्वरला हसू आलं. ते त्यानं गिळलं. “मोनूलेही या म्हन्तलं,” तो म्हणाला आणि वळला.

आतल्या खोलीतून मोनूचा आवाज आला, “येतो म्हन त्याले.” आवाजात झोप नव्हती. कायची बैठक, कोणी बोलावलं, काहून बोलावलं, त्यानं काहीच विचारलं नाही. मोनूची बायको तृप्ती मागच्या अंगणात नळाखाली बादली लावून कमरेवर हात टेकून उभी होती. तिचे दिवस भरत आले होते. तिनं सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खोलीकडे, आणि भरून वाहणारी बादली तशीच वाहू दिली. बेबीबाईनं हे सगळं पाहिलं. तिचं पाहणं लहानपणापासूनच तसं बारीक. पण त्या वेळी तिच्या मनात एकच गोष्ट वर आली: चला, निदान कोणीतरी विचारणार आहे.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि धुतलेलं लुगडं काढलं.

बेबीबाईचा नवरा कृष्णराव. त्याचं अड्याळच्या स्टँडजवळ रेडियमचं दुकान. दुकान म्हणजे टपरीच. पण धानाच्या हंगामात तिथं गाड्यांची रांग लागायची. नंबरच्या पाट्या, काचेवरची नावं, फाळक्यावरची, गाडीच्या मागच्या झडपेवरची चित्रं. लग्न होऊन आली तेव्हा बेबीबाई नुसती डबा घेऊन जायची. एकदा कृष्णरावचं बोट कापलं म्हणून तिनं कटर हातात घेतलं, आणि ते मग तिच्या हातातून सुटलंच नाही. चित्र न काढता ती थेट कापायची. मोर, सूर्य, घोडा, धानाची लोंबी. दोघांची वाटणी ठरलेली: गाडीचं तोंड कृष्णरावकडे, पाठ बेबीबाईकडे. पुढची पाटी तो लावी, मागच्या फाळक्यावर ही. अर्धं आयुष्य तिनं गाड्यांच्या पाठी पुसल्या, त्यांच्या कडांवरून बोटं फिरवली, त्यांच्या दिव्यांच्या काचांत स्वतःचं तोंड पाहिलं. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, “वयनी, आमाले तोंडावरून नाई ओळखत, पन गाडीले बुडावरून ओळखते!” ती म्हणायची, “गाडीचं बूड खोटं बोलत नाई, तुमची तोंडं बोलते.”

पुढे सरकारी पाट्या आल्या, कारखान्यातून बनून. टपरीपुढची रांग तुटली. दुपारी दुकानात माश्या फिरायच्या, कृष्णराव भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचा, आणि मोनू बाहेरच्या जुन्या टायरवर बसून फोनवर गाड्यांचा गेम खेळायचा.

त्या गेममधलं शहर खोटं, रस्ते खोटे, गाड्यांची नावं खोटी. गाड्या मात्र खऱ्या. खऱ्या कंपनीचं नाव लावलं की कज्जा होतो, म्हणून गेमवाले पाटी बदलतात, पुढची जाळी थोडी वाकडी करतात, कधी एकीचं डोकं घेऊन दुसरीच्या धडावर बसवतात. गेममधली कोणती गाडी रस्त्यावरची कोणती, हे शोधणाऱ्या पोरांची फोनवर एक टोळीच होती. कोणी इंदूरचा, कोणी कोल्हापूरचा, कोणी पार आसामातला. एकानं फोटो टाकायचा, बाकीच्यांनी भांडायचं. मोनू त्या टोळीत होता. एका दुपारी तो अडला आणि सहज त्यानं फोन आईपुढे धरला.

“आईऽऽ, ही कोनती?”

बेबीबाई तेव्हा कुणाच्या तरी ट्रॅक्टरसाठी घोडा कापत होती. तिनं मान तिरपी करून पाहिलं. “कमांडर जीप हाय ना. पन दिवे हिचे नाई. मिनिडोरचे उचलून लावले.”

“आई, इथं तर शेरखान लिहून हाय.”

“ते पाटीवरचं नाव. तू गाडी विचारली का पाटी?”

टोळीनं आधी टर उडवली, मग कोणीतरी दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि सगळ्यांनी मान्य केलं. त्या दिवसापासून अडलं की तिकडून निरोप यायचा, भंडाऱ्याच्या मावशीले विचार. मोनू टायरवरून ओरडायचा, “आईऽऽ, ही कोनती?” ती कटर न थांबवता सांगायची. गेमचं नाव तिनं कधी लक्षात ठेवलं नाही आणि कधी उच्चारलंही नाही. चित्र समोर आलं की त्याच्या मागची खरी गाडी तिच्या तोंडून बाहेर पडायची. मायलेकांचा हा दुपारचा खेळ झाला होता. मोनूला कामधंदा नव्हता, बापाशी त्याचं पटत नव्हतं. आईशी बोलायला त्याच्याजवळ एवढंच होतं. बेबीबाईला ते पुरत होतं.

कृष्णराव गेला त्या संध्याकाळी घरासमोरच्या तलावाच्या वळणावरच्या खांबाचा दिवा बंद होता. तो नेहमीच बंद असायचा. म्हणून नवऱ्याच्या सायकलची वेळ झाली की बेबीबाई टॉर्च घेऊन दारात उभी राही. त्याच्या हँडलवर तिनंच रेडियमची पट्टी लावलेली. टॉर्च मारला की ती पट्टी लुकलुकायची, आणि तो घंटी वाजवायचा.

त्या दिवशी पट्टी लुकलुकली. घंटी वाजली. मग त्याच्या मागून दिवे न लावलेली एक पांढरी पिकअप तलावाच्या पाळीवरून उतरली. आवाज झाला. तो आवाज कसा होता हे बेबीबाईनं कधी कोणाला सांगितलं नाही. गाडी थांबली नाही, उलट तिच्या दारासमोरून जोरात गेली, आणि बेबीबाईचा हात आपोआप गाडीमागे वळला. टॉर्चच्या उजेडात फाळका पेटून उठला. मोर. त्याच्या पिसाऱ्यातलं डावीकडचं एक पीस आखूड. डावा दिवा चौकोनी, ४०७ टेम्पोचा.

तो मोर तिचाच होता. रेडियमचा तुकडा संपला म्हणून एक पीस आखूड राहिलं होतं आणि राइस मिलच्या मालकानं, भुपेंद्रनं, तेव्हा हसून म्हटलं होतं, “राहू द्या काकू, माह्या मोराची ओळख राहीन.”

मग तिनं टॉर्च रस्त्याकडे वळवला.

ठाण्यात ‘अज्ञात वाहन’ लिहिलं गेलं. हवालदाराला तिनं मोर सांगितला, दिवा सांगितला, नाव सांगितलं. तो म्हणाला, “बाई, आता आमी मोर शोधत फिरायचा का?” मिलच्या आवारातून पिकअप दुसऱ्याच दिवशी दिसेनाशी झाली. रंगाला नागपूरला गेली, आधीच गेली होती, असं भुपेंद्र सांगे. तेरवी झाली तसा तो स्वतः घरी आला, चटईवर मांडी घालून बसला, कृष्णरावच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, “मोनूले उद्यापासून मिलवर पाठवा.”

“जाऊ नको,” रात्रीच्या जेवणाला बेबीबाई मोनूला म्हणाली.

“मंग आनू कोठून, आई? तूच सांग.” मोनूनं तृप्तीच्या पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही; त्याला पाहायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पोती मोजायला मिलवर गेला. बेबीबाई गप्प झाली. पण पंचायतीची निवडणूक जवळ आली होती, भुपेंद्र उभा राहणार होता, आणि नळावर, पारावर, सोसायटीत तिनं एकदाच घेतलेलं ते नाव अजून फिरत होतं.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजी घातली होती. माणसं आधीच येऊन बसली होती. इतकी माणसं कृष्णरावच्या मातीलाही नव्हती. समितीचा अध्यक्ष ताराचंद टेबलामागे. त्याच्या बाजूला भुपेंद्र, पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर जुळवून, लग्नाच्या बैठकीला आल्यासारखा. भिंतीवर ऑनलाइन सभांसाठी मिळालेला मोठा टीव्ही, त्यावर धूळ पुसल्याचे फराटे. बेबीबाई बायकांच्या बाजूला बसली. शेजारच्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईनं तिचा हात हातात घेतला. तृप्ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मोनू कुठं दिसेना.

“वयनी,” ताराचंद म्हणाला, “कृष्णराव माह्या मोठ्या भावासारखा होता. पन गावात एक सभ्य मानूस उठता बसता बदनाम होऊन राहिला. तुमी म्हन्ता त्याची गाडी होती. कोनं पायली?”

“मी पायली.”

“तोंड पायलं गाडीचं?”

“मागून पायली. फाळका पायला. मोर पायला.”

“किती वेळ पायला?”

“टॉर्च मारला तेवढा.”

ताराचंदनं सभेकडे पाहिलं. “म्हन्जे नवरा रस्त्यावर पडून हाय, अन् बाई गाडीचा मोर पाहून राहिली.”

सतरंजीवरून कुजबुज गेली. ही गोष्ट बेबीबाईनं स्वतःशीही कधी पूर्ण बोलून पाहिली नव्हती. टॉर्च आधी गाडीवर गेला, मग नवऱ्यावर. आता ती गोष्ट अख्ख्या गावासमोर पडली होती.

“जाऊ द्या ना, ताराचंदभाऊ,” भुपेंद्र मऊ आवाजात म्हणाला. “काकूले दुःख हाय. दुःखात मानसाले काहीही दिसते. माह्या गाडीवर मोर नाईच. उद्या गाडी येते नागपूरहून, कोनीही पाहून घ्या.”

“रंग देल्यावर कुठून दिसन मोर?” बेबीबाई म्हणाली. मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी “खरं हाय” म्हणालं आणि लगेच गप्प बसलं.

“बरं,” ताराचंद टेबलावर बोटं वाजवत म्हणाला. “तुमचं म्हननं, तुमी मागून पाहून गाडी ओळखता. अंधारात ओळखली म्हन्ता. आपन उजेडात पाहू. गावासमोर. ओळखल्या तर समिती स्वतः ठाण्यात येईन तुमच्यासंगं. कबूल?”

“कबूल,” बेबीबाई म्हणाली. एवढंच तर तिला हवं होतं. कोणीतरी विचारावं, आणि तिनं सांगावं.

बाजूच्या खोलीतून मोनू आला. हातात फोन, फोनला वायर. त्यानं खाली वाकून वायर टीव्हीला जोडली. बेबीबाईला वाटलं, बरं झालं, आपला पोरगाच आहे.

टीव्हीवर एका गाडीची पाठ आली.

“आईऽऽ,” मोनू म्हणाला. “ही कोनती?”

तोच सूर. तोच लांबवलेला ई. तिला क्षणभर टपरी दिसली, टायर दिसला, भिंतीला टेकलेला कृष्णराव दिसला.

“४०७,” ती म्हणाली. “जुनी. फाळका घरी ठोकून घेतलेला.”

“बरोब्बर!” एक ड्रायव्हर ओरडला. “माहीच हाय ते!” माणसं हसली, ते हसणं चांगलं होतं.

“ही कोनती?”

“मॅक्स. मागची पायरी बदललेली.”

“ही?”

“ट्रॅक्स. शाळेची होती आधी, पिवळा रंग कडेला दिसते अजून.”

सत्यभामाबाईनं तिचा हात दाबला. बायका सावरून बसल्या. भुपेंद्र मांडीवरच्या हातांकडे बघत होता. पुढचं चित्र यायला जरा वेळ लागला. मोनूचं बोट फोनवर अडखळलं. त्यानं ते शर्टाला पुसलं.

“आईऽऽ, ही कोनती?”

पांढऱ्या गाडीची पाठ. ओला रस्ता, फार चकाकणारा. पाटी कोरी. गाडीखालची सावली एका बाजूला, झाडाची दुसऱ्या बाजूला. बेबीबाईच्या डोळ्यांनी हे सगळं टिपलं. तिला कळलं की हा गेम आहे, खऱ्या रस्त्यावर सावल्या अशा भांडत नाहीत. पण विचारलं मोनूनं होतं, आणि मोनूला ती नेहमी जे उत्तर द्यायची तेच तोंडून निघालं.

“पिकअप. जुन्या बांधनीची. अशीच होती ती. फाळक्याची कडी, दिव्याची जागा, सगळं असंच.”

“पक्कं?” ताराचंदनं विचारलं.

“पक्कं.”

“मोनू, ह्या गाडीचं नाव काय हाय, वाच बरं.”

मोनूनं वाचलं. “गजराज कार्गो.”

“अन् हे गजराज कोन्त्या रस्त्यावर चालते?”

मोनूनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“बोल ना बाबू. गावाले सांग.”

“कोनत्याच नाई जी,” मोनू म्हणाला. “गेममधली हाय.”

आधी एकच माणूस हसला. मग ते हसू सतरंजीवर पसरत गेलं. मघाशी “बरोब्बर” म्हणणारा ड्रायव्हर सर्वांत मोठ्यानं हसला.

“वयनी, जे जगात नाई ते तुमाले पक्कं दिसते!” ताराचंद म्हणाला. “चित्रातली गाडी अन् रस्त्यावरची गाडी, फरक नाई कळत. अन् अंधारात मोर कळला!”

बेबीबाई उठून उभी राहिली. “गेम हाय हे मले दिसलं. पाटी कोरी हाय, सावली उलटी हाय. पन तुमी गाडी कोनती विचारली. मी गाडी सांगतली. ते गेमवाले खऱ्या गाडीवरूनच बनवते. मोनूले विचारा. मोनू, सांग ना रे, आपन दोघं रोज…”

मोनू वायर गुंडाळत होता. एक वेढा, दुसरा वेढा.

“सांग ना, बाबू.”

“आईले गेमची सवय हाय,” मोनू खाली बघूनच म्हणाला. “बाबा गेल्यापासून जास्तच. काही बोलते कधी कधी.”

हे शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं. बेबीबाईला ते लगेच कळलं. फाळक्यावर दुसऱ्या गाडीचा दिवा लावला की तिला कळायचं तसं. पण ते त्याच्या तोंडात बसवलं होतं आणि त्यानं बसवू दिलं होतं, आणि ह्या सापळ्याची कळ फक्त त्यालाच माहीत होती. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ती थांबली असती, म्हणाली असती, हे चित्र आहे. “आईऽऽ” म्हणणारा आवाज एकच होता, आणि त्यांनी बरोबर तोच आणला.

“झालं मंग,” ताराचंद म्हणाला. “वयनी, भुपेंद्रभाऊची माफी मागा अन् विषय मिटवा. माहीच नजर चुकली, एवढंच म्हना.”

“अन् नाई म्हन्तलं तर?”

भुपेंद्रनं नुसतं मोनूकडे पाहिलं, मग चौकटीला टेकलेल्या तृप्तीकडे, तिच्या पोटाकडे, आणि पुन्हा आपल्या मांडीकडे. सत्यभामाबाईनं हळूच हात काढून घेतला होता. कधी काढला ते बेबीबाईला कळलं नव्हतं.

तिनं हात जोडले. कटरच्या जुन्या वणांनी भरलेली बोटं. “माहीच नजर चुकली,” ती म्हणाली.

“काहून हात जोडता काकू, मी तुमच्या मोनूसारखा,” भुपेंद्र घाईनं उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माह्या मनात काही नाई. उद्यापासून मोनूनं पोती मोजू नये. पिकअप त्याच्याच हातात देतो. रात्री घरीच ठेवन म्हना, पोरगी अडली नडली तर दवाखान्यात न्याले बरी.”

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

परत येताना पुलावर पोरं बसली होती. समोरून कोणाची तरी म्हैस चालली होती. एकानं तिच्या पाठीकडे बोट केलं. “मावशीऽऽ, ही कोनती? कोन्त्या सालचं मॉडेल?” बाकीचे पुलावर आडवे झाले. एरवी बेबीबाईनं त्याच्या बापाचा उद्धार करून सगळ्यांना हसवलं असतं. ती नुसती चालत राहिली. मोनू दहा पावलं मागून येत होता. त्यानंही पोरांना काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी गाडी आली. निळी. चकचकीत निळी, नवे दिवे, चाकांच्या नव्या टोप्या. हॉर्न ऐकून शेजारपाजार जमा झाला. मोनूनं ती वळवून मागे मागे घेतली आणि दाराला पाठ करून लावली, सामान चढवायला मिलवर लावायचा तशी. तृप्तीनं हळदीकुंकवाचं ताट आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. बेबीबाई बाजूला उभी राहिली. तिनं कुंकू लावायचं नव्हतंच. बायका म्हणाल्या, “रंग फार सुंदर हाय वो.” कोणी म्हणालं, “नशीब काढलं मोनूनं.” खोबऱ्याचे तुकडे तोंडात टाकून सगळ्या पांगल्या. तृप्ती ताट घेऊन आत गेली.

मोनू टायरला टेकून फोन बघत उभा राहिला. बेबीबाई फाळक्याजवळ गेली.

चांगला पेंटर रंगाआधी रेडियम तापवून सोलून काढतो, मग पत्रा घासतो. घाई असली की वरूनच फवारा मारतो. लांबून काही कळत नाही. तिनं बोट टेकवलं. निळ्या रंगाखाली एक बारीक धार होती. ती धारेवरून गेली, जशी कापताना गेली होती. चोच. मान. तुरा. मग पिसारा, एकेक पीस, उजवीकडून डावीकडे. शेवटच्या पिसाला बोट अर्ध्यातच घसरलं. पुढे सपाट पत्रा होता.

तिनं बोट तिथंच ठेवलं.

“आई,” मोनू म्हणाला. या वेळी ई लांबला नव्हता. तो जवळ आला होता. त्यानं तिचा हात धरून फाळक्यावरून काढला, जोरात नाही, पोराच्या हातातून कटर काढतात तसा. “पायलं मी. सकाळी नागपूरले आनाले गेलो तवाच पायलं.”

आतून तृप्तीचा आवाज आला, कण्हल्यासारखा. खाली बसताना ती आता अशीच कण्हायची. मोनूनं दाराकडे पाहिलं. मग आईकडे. तो वाट बघत होता. ती काय म्हणेल, ठाण्यात जाईल, रडेल, त्याच्या कानशिलात देईल, की गावाला हाका मारील, आणि मारल्या तर कोण येईल हेही त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. कालच सगळं गाव टाळ्या वाजवून घरी गेलं होतं.

बेबीबाईनं पदरानं बोट पुसलं.

“मोनू,” ती म्हणाली, “रात्री लावशील तवा तोंड घराकडं करून लाव बाबू. पाठ नको ठेवू माह्यापुढं.”